तारामती मिळाली नाही, मोहिनी मिळाली

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी तो ठेवलेला होता. जॅक्सन नाटकाला आला आणि अनंत कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ती रात्र क्रांतीच्या इतिहासात जमा झाली. मराठी रंगभूमीविषयीही ती रात्र काही सांगून जाते. देवलांचे ‘शारदा’ म्हणजे पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख. पण ती शारदा, तिची आई, तिच्या मैत्रिणी या सगळ्या भूमिका पुरुष करत. बाईची कैफियत मांडायलाही रंगमंचावर बाई नसे आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

चारच वर्षांनी त्याच नाशकात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी कॅमेऱ्यासमोर मोहिनी होऊन नाचली. चित्रपट होता दादासाहेब फाळक्यांचा ‘मोहिनी भस्मासुर’, मुलीचे नाव कमला कामत. तिची आई दुर्गाबाई कामत याच चित्रपटात पार्वती झाली होती. भारतीय कथाचित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून या मायलेकींची नावे घेतली जातात. पुढे कमला कामत कमलाबाई गोखले झाल्या आणि रंगभूमी व चित्रपट मिळून सात दशकांच्या आसपास काम करत राहिल्या. हा प्रसंग घडला कसा आणि त्यातून पुढे काय झाले, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून मराठी नाटकात स्त्रीभूमिका पुरुषच करत आले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. त्या युगाचे पहिले मोठे स्त्रीपार्टी नट भाऊराव कोल्हटकर. त्यांच्यानंतर नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या शालू नेसण्याची, केशभूषेची नक्कल घरंदाज बायका करत. बाईने बाईसारखे कसे दिसावे, हे पुरुष नटाकडून शिकण्याचा तो काळ होता.

बायका रंगमंचावर अगदीच नव्हत्या असे नाही. काही स्त्री नाटक मंडळ्या होत्या, त्यांत सगळ्या भूमिका, अगदी राजे आणि राक्षसही, बायकाच करत. पण त्यांतल्या बहुतेक जणी कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या. समाज त्यांचे गाणे ऐके आणि त्यांना घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवी. पांढरपेशा घरातल्या बाईने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळाला बट्टा.

दुर्गाबाई कामतांनी तो बट्टा पत्करला. त्यांचे पती आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इतिहास शिकवत. १९०३ च्या सुमारास दोघे वेगळे झाले आणि लहानग्या कमलाला घेऊन दुर्गाबाई एकट्या राहिल्या. त्या काळी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या ब्राह्मण बाईपुढे पोट भरण्याचे मार्ग किती होते? लोकांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक, नाहीतर त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी नाटक कंपनी निवडली. जातभाईंनी त्यांना वाळीत टाकले. बंडाची घोषणा करायला त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. पदरात मूल होते आणि हातात कला होती.

नाटक कंपनी तेव्हा फिरते गावच असे. बैलगाड्यांतून, रेल्वेतून पडदे आणि पेट्या हलत. एका गावी मुक्काम, मग पुढचे गाव. मुले विंगेतच वाढत आणि पाठांतर हीच त्यांची शाळा. कमला चार-पाच वर्षांची असताना रंगमंचावर उभी राहिली. पुढे मायलेकी चित्ताकर्षक नाटक मंडळीत होत्या. नऊवारीत चालणे, ठेक्यावर पाय टाकणे, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे हे सारे तिने कळत्या वयाआधीच आत्मसात केले.

आता फाळक्यांकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, छपाई असे बरेच उद्योग करून झाल्यावर ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्यांनी पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसतो, मग राम आणि कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले, असे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत लिहून ठेवले आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची तजवीज केली आणि परत आले. दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले.

यंत्र मिळाले, कच्ची फिल्म मिळाली, हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामती मिळेना. फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. मग वेश्यावस्तीतही विचारून पाहिले. तिथूनही नकारच आला, किंवा आलेल्या बायका टिकल्या नाहीत. नाटकात काम केले तर निदान ते नाटक तरी म्हणवते, ही यंत्रापुढची हालचाल म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हते. पत्नी सरस्वतीबाईंनी तारामती व्हावे असेही फाळक्यांनी सुचवून पाहिले, असे सांगतात. पण त्यांना ते जमण्यासारखे नव्हते. कंपनीतल्या माणसांच्या पंगती उठवायच्या, रात्री बसून फिल्मच्या कडांना भोके पाडायची, रसायने कालवायची, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायचा, ही सगळी कामे त्यांच्याच अंगावर होती. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण तारामती झाला.

कॅमेऱ्याने पुरुष तारामतीची अडचण उघडी पाडली होती. रंगमंचावर गॅसबत्तीच्या उजेडात, पंधरा-वीस हातांवरून, गाण्याच्या मोहिनीत पुरुषाची बाई खपून जाई. मूकपटात गाणे नाही, आवाज नाही, आणि चित्रण भर उन्हात. बाप हयात असताना मिशी काढायची कशी, म्हणून नट अडून बसत, ही फाळक्यांच्या चरित्रातली गोष्ट प्रसिद्धच आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि गाजला. प्रेक्षकांनी साळुंकेची तारामतीही गोड मानून घेतली. फाळक्यांना मात्र पुढच्या चित्रपटात खरी स्त्री हवी होती.

चित्रपट चालल्यावर काही महिन्यांतच फाळक्यांनी मुंबई सोडून नाशिकला बिऱ्हाड हलवले. पौराणिक चित्रपटाला लागणारे देखावे इथे फुकट होते. गोदावरीचे घाट, जुनी देवळे, जवळच त्र्यंबकेश्वर आणि ब्रह्मगिरी, भोवती रान आणि टेकड्या. चित्रण सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्यामुळे मोकळी जागा फार मोलाची होती. शिवाय हा त्यांचा जन्मजिल्हा. राहायला ऐसपैस बंगला मिळाला आणि तिथेच घर, स्टुडिओ आणि फिल्म धुण्याची खोली असा संसार पुन्हा मांडला गेला.

दुसऱ्या चित्रपटासाठी कथा निवडली भस्मासुराची. शंकर वर देतो, ज्याच्या डोक्यावर भस्मासुर हात ठेवील तो भस्म होईल. असुर शंकराच्याच मागे लागतो. मग विष्णू मोहिनीचे रूप घेतो, असुराला नाचायला लावतो, आणि नाचता नाचता असुर आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवून जळून जातो. पडद्यावर चमत्कार दाखवायला ही कथा उत्तम होती. सगळा डाव नाचावर होता. नाच येणारी, सांगितलेले चटकन उचलणारी, लोकांसमोर न बुजणारी मुलगी हवी होती, आणि अशी मुलगी नाटक कंपनीतच सापडणार होती. विष्णूने बाईचे रूप घेण्याची ही गोष्ट खरे तर स्त्रीपार्टी नटासाठीच केल्यासारखी. नेमक्या त्याच गोष्टीत फाळक्यांना कमला मिळाली. आईलाही भूमिका मिळाली, त्यामुळे मुलगी परक्या गावी एकटी पडली नाही.

नाशकातल्या त्या दिवसांची कल्पना करायची तर आजचे चित्रीकरण डोळ्यांसमोरून दूर सारावे लागेल. दिवे नाहीत, ध्वनी नाही. हाताने फिरवायचा कॅमेरा आणि वरून दिशा बदलणारे ऊन. सूत्रधार, प्रॉम्प्टर, प्रेक्षकांची दाद यांपैकी काही नाही. नाटकात सलग तीन-चार तास चढत जाणारी भूमिका इथे तुकड्या-तुकड्यांनी करायची. रंगमंचावरच्या मुलीला हे सगळे नवे होते, पण शिस्त ओळखीची होती. फाळक्यांच्या घरात सगळ्यांची एकत्र पंगत बसे आणि चित्रपटाची कंपनी नाटक कंपनीसारखीच एका छपराखाली नांदे. म्हणूनच कामत मायलेकींना तिथे रुळणे सोपे गेले असावे.

चित्रपटाची लांबी तीन हजार फुटांच्या थोडी वर भरली. १९१४ च्या जानेवारीत तो मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला. सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी मूकपट दाखवला जाई. त्याच वर्षी फाळके ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे तिन्ही चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी त्यांच्या तंत्राची वाहवा केली. नाशिकच्या उन्हात नाचलेली कमला अशी लंडनच्या पडद्यावर जाऊन पोचली.

त्या वेळी ब्रिटिश रंगभूमीवर स्त्रिया येऊन अडीचशे वर्षे झाली होती. शेक्सपिअरच्या काळात तिथेही स्त्रीभूमिका मुलगेच करत. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर नाट्यगृहे पुन्हा उघडली आणि बायका रंगमंचावर आल्या. तरी नटीकडे संशयाने पाहण्याची रीत तिथेही फार काळ टिकली. एलन टेरी १८५६ मध्ये नऊ वर्षांची असताना रंगमंचावर आली, उतारवयात मूकपटांतही दिसली, आणि १९२५ मध्ये तिला ‘डेम’ हा राजसन्मान मिळाला. कमलाबाईंची सुरुवात टेरीसारखीच बालपणी, रंगमंचावर झाली. पण एलन टेरीच्या मागे नटींच्या कित्येक पिढ्या होत्या. कमलाबाईंच्या मागे फक्त त्यांची आई होती.

‘मोहिनी भस्मासुर’मुळे दार सताड उघडले, असे म्हणण्याचा मोह होतो. घटनाक्रम तसे सांगत नाही. १९१७ मध्ये फाळक्यांनी ‘लंका दहन’ काढला, त्यात अण्णा साळुंकेने रामाचीही आणि सीतेचीही भूमिका केली. म्हणजे चार वर्षांनी गाडी पुन्हा होती तिथे. १९१८ च्या पहिल्या दिवशी नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तिथे फाळक्यांनी ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ काढले. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. घरची लेक पडद्यावर आणायला ते कचरले नाहीत, पण बाहेरच्या घरांतून बायका येण्याचा ओघ काही सुरू झाला नाही. १९२० च्या दशकात चित्रपटाला नायिका मिळाल्या त्या मुख्यतः अँग्लो-इंडियन आणि बगदादी ज्यू घरांतून. पेशन्स कूपर आणि ‘सुलोचना’ या नावाने गाजलेली रूबी मायर्स ही त्यांतली ठळक नावे.

कमला चित्रपटातून पुन्हा नाटकात परतली. चित्रपट हा अजून धंदा झाला नव्हता आणि तिचे पोट नाटकावर होते. चित्ताकर्षकमध्ये तिच्या आयुष्याला वळण मिळाले ते रघुनाथराव गोखल्यांमुळे. रघुनाथराव आधी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करत. वयात आल्यावर आवाज फुटला तसे ते काम सुटले आणि ते भावाच्या याच कंपनीत आले. तिथे ते नायक झाले आणि कमला नायिका. पूर्वी लुगडे नेसून उभा राहणारा नट आता पुरुष म्हणून, आणि त्याच्यासमोर खरी स्त्री. प्रेक्षकांना ही जोडी आवडली. पुढे दोघांचे लग्न झाले. ज्यांची सारी प्रतिष्ठा स्त्रीभूमिकांवर उभी होती, त्या नटांना बायकांचे येणे रुचणारे नव्हते. तरी रंगमंचावर स्त्री-पुरुष एकत्र उभे राहण्याची बरीवाईट सुरुवात अशा छोट्या फिरत्या कंपन्यांनी केली, हे विसरता येत नाही. ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ च्या नाटकातून नाट्यमन्वंतर या संस्थेने स्त्री-पुरुषांचे जे एकत्र काम घडवले त्याची कीर्ती मोठी आणि रास्तही आहे. पण त्याआधी गावोगावच्या तंबूंत आणि थिएटरांत लोकांची नजर सरावली होती.

कमलाबाईंचा संसार फार काळ टिकला नाही. त्या पंचविशीत असताना रघुनाथराव गेले. दोन मुले पदरात आणि तिसरे पोटात. दुर्गाबाईंपुढे पूर्वी उभा राहिलेला प्रश्न आता लेकीपुढे आला. तिचे उत्तरही आईचेच होते. त्या मनोहर स्त्री संगीत मंडळीत गेल्या आणि तिथे पुरुषांच्या भूमिका करू लागल्या. बालगंधर्व स्त्रीवेषात महाराष्ट्र गाजवत असताना ही विधवा बाई पुरुषवेषात मुलांचे पोट भरत होती. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी अस्पृश्यतेवर आघात करणारे ‘उःशाप’ लिहिले, त्या नाटकातही कमलाबाईंनी काम केले.

बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांचे कंबरडे मोडले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक मंडळ्या बंद पडत गेल्या. स्वच्छ उच्चार आणि गाता गळा असलेल्या नाटकवाल्यांना मात्र बोलपटांनी बोलावून घेतले. कमलाबाईही पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या. त्यांच्या नावावर सुमारे पस्तीस चित्रपट आहेत. त्यांतल्या बऱ्याच भूमिका दुय्यम, आईच्या किंवा वडीलधाऱ्या बाईच्या. १९८० च्या ‘गहराई’त त्या अखेरच्या दिसल्या. पहिला चित्रपट आणि शेवटचा चित्रपट यांत साडेसहा दशकांहून जास्त अंतर आहे. त्यांच्या पहिल्या चित्रपटाला आवाज नव्हता, शेवटचा रंगीत बोलपट होता.

मधल्या काळात चित्रपटातल्या बाईची प्रतिष्ठा बदलली. ती बदलण्याचे श्रेय सहसा दुर्गा खोटे यांना दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला, त्यात त्या तारामती होत्या. १९१३ साली जी भूमिका करायला बाई मिळेना, तीच भूमिका एकोणीस वर्षांनी मुंबईच्या सुखवस्तू घरातली, कॉलेजात शिकलेली बाई करत होती. दुर्गाबाई खोट्यांनाही बोलणी खावी लागली. पण त्यांच्यामागे शिक्षण होते, घराण्याचे नाव होते. त्यांच्यामुळे समाज म्हणाला, ‘भल्या घरच्या बायकाही हे काम करतात.’ हे वाक्य जितके मोकळे वाटते तितके ते नाही. कारण त्यात आधीच्या बायका भल्या घरच्या नव्हत्या हे गृहीत धरलेले आहे. कामत मायलेकी त्या गृहीतकाच्या बळी ठरल्या. त्यांनी घराणे गमावल्यावर काम सुरू केले, म्हणून त्यांच्या कामाला प्रतिष्ठेचा शिक्का मिळाला नाही.

कमलाबाईंचे तिन्ही मुलगे कलेतच गेले. लालजी आणि सूर्यकांत तबल्यात, चंद्रकांत अभिनयात. चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतले मोठे चरित्रअभिनेते झाले. नातू विक्रम गोखले यांचे नाव तर घराघरांत पोचले. ‘अनुमती’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज लोक ‘विक्रम गोखल्यांची आजी’ म्हणून कमलाबाईंची ओळख करून देतात. काळाच्या ओघात तसे होतेच. पण या घराण्याचा उगम शोधायचा तर तो नवऱ्यावाचून मुलगी वाढवणाऱ्या, वाळीत टाकलेल्या एका बाईपाशी जाऊन थांबतो. मराठी अभिनयातली ही परंपरा आईकडून लेकीकडे आणि तिथून पुढे आली आहे.

‘मोहिनी भस्मासुर’ची फिल्म आज उपलब्ध नाही. कमला कशी नाचली, पार्वती कशी दिसत होती, हे आता कुणालाच पाहता येत नाही. सुदैवाने कमलाबाई स्वतः भेटतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या रीना मोहन यांनी नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या कमलाबाईंवर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात एकट्या राहणारी ही म्हातारी कॅमेऱ्यासमोर चेष्टामस्करी करते, आठवणी सांगते, जुन्या नाटकांतले उतारे म्हणून दाखवते. या माहितीपटात चित्रपटाच्या आठवणींइतकीच, किंबहुना जास्तच, नाटके येतात. स्वतःला त्या नाटकवालीच मानत असाव्यात, असे ते पाहताना वाटते.

आपण त्यांना ‘पहिली नायिका’ म्हणून एका वाक्यात बसवतो, ते म्हणूनच अपुरे आहे. ‘पहिली’ हा मान त्यांना योगायोगाने मिळाला. फाळक्यांना नाचणारी मुलगी हवी होती आणि ती नाटक कंपनीत होती. टिकून राहणे मात्र योगायोगाचे नव्हते. वैधव्य आले, कंपन्या बुडाल्या, माध्यम बदलले, वय झाले, तरी त्यांनी काम सोडले नाही. भारतीय चित्रपटाला पहिली नटी दिली ती मराठी नाटक मंडळीने, आणि त्या मंडळीने ती घडवली एका एकट्या आईच्या निर्धारामुळे.

नाशिक फाळक्यांना विसरलेले नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. सरस्वतीबाईंची आठवणही आता काढली जाऊ लागली आहे. नाशिकच्या चित्रपटाची कथा सांगताना दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले ही दोन नावेही त्याच दमात घेतली गेली पाहिजेत. ‘मोहिनी भस्मासुर’ त्यांच्याविना झाला नसता.